आभाराचे बोल

रद्दीचे दुकान हे ड्रॉइंगमास्तराचे माहेर असते. मुलांना कात्रणांची चित्रे करायला द्यावीत तर रंगीत कागद हवेत, आणि त्यासाठी शाळेकडून जी रक्कम मंजूर होते तीत एका वर्गाला पुरेल इतकी खळसुद्धा येत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा मी पिशवी घेऊन बाजारातल्या रद्दीवाल्याकडे जातो, जुनी कॅलेंडरे आणि मासिके चाळतो, आणि चित्रांपेक्षा मजकूरच अधिक वाचून परत येतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते या दुकानात झाले असे म्हटले तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात रद्दीवाल्याने मला एक गठ्ठा दाखवला. "मास्तर, तुमच्या कामाचं दिसतंय. वरची चित्रं बघा." पाहतो तो ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्या. आमच्या मिरजेत एके काळी मिशनच्या दवाखान्यात अमेरिकन डॉक्टर असत. त्यांच्यापैकी कुणाच्या बिऱ्हाडातून त्या इकडेतिकडे फिरत आल्या असाव्यात, हा आपला माझा तर्क. वेष्टने कुजत चालली होती. रद्दीवाला हुशार. जुन्या तबकड्यांना पुण्याचे लोक हल्ली भाव देतात हे त्याला पक्के ठाऊक. "गीता दत्त असती तर पाचशे घेतले असते," तो म्हणाला, "ही विलायती वाजंत्री कोण नेतंय? दीडशे द्या सगळ्याचे." मी दिले. घरी आल्यावर त्या दीडशे रुपयांबद्दल जे ऐकावे लागले ते इथे सांगत नाही.

कात्रीने वेष्टने कापायची म्हणून मी ती पुसून घेत होतो. एकाच्या पाठीवर बारीक इंग्रजी मजकूर होता आणि त्यात 'कलकत्ता' हा शब्द दिसला. अमेरिकन वाजंत्रीत कलकत्ता कुठून आले, म्हणून मी शब्दकोश घेऊन बसलो. तबकडीचे नाव 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया'. साल १९५८, कंपनी कोलंबिया. पियानोवर डेव्ह ब्रुबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, बास व्हायोलिनवर जो बेंजामिन, ड्रमवर जो मोरेल्लो. माणसे अवघी चार. रचना सहा, आणि साऱ्या त्या पियानोवाल्याच्याच. कात्री मी बाजूला ठेवली. आमच्या विज्ञानाच्या सरांनी मोडके ग्रामोफोन दुरुस्त करण्याचा नाद जडवून घेतलेला आहे. त्यांच्याकडून एक यंत्र आठवडाभरासाठी मागून आणले आणि बाहेरच्या सोप्यात, आप्पांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर मांडले.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्याविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव; सतारमेकर गल्लीतून गेले की रंध्याचा आणि तारा जुळवण्याचा आवाज अजून कानी येतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गवई हजेरी लावतात. अशा गावात आप्पा तबला वाजवीत. नोकरी कारकुनाची, पण गावात ओळख 'तबल्याचे आप्पा' हीच. कीर्तनाला, नाट्यसंगीताच्या बैठकीला, आणि कधी मोठा गवई आला व त्याचा तबलजी गाडी चुकला तर त्याच्याही साथीला. २०२१ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय हळूहळू सुधारला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. व्यायाम घ्यायला येणारा मुलगा त्यांना रबरी चेंडू दाबायला सांगे. आप्पा चेंडू खिडकीत ठेवून डाव्या हाताने डग्गा ओढून घेत. डग्गा हे डाव्या हाताचेच वाद्य. पण एकटा डग्गा म्हणजे नुसता हुंकार. त्याला बोलायला उजवा लागतो. पाच-दहा मिनिटे घुमवून ते डग्ग्यावर कापड टाकीत आणि पेपर मागत.

आणि माझे? आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला शिकवायला घेतले होते. मी झपतालातच अडकलो. मला खाली कळत नसे. जिथे हात मोकळा सोडायचा नेमकी तिथे मी टाळी देई. एकदा चार माणसांच्या देखत आप्पा म्हणाले, "याला भरलेलं तेवढं ऐकू येतं, रिकामं ऐकू येत नाही." तेव्हापासून मी तबल्याजवळ बसलो नाही. रंगपेटी घेतली आणि पुढे लेखणी. आता चित्रकलेच्या वर्गात मी मुलांना सांगतो की, कागदावर रिकामी सोडलेली जागासुद्धा चित्रच असते. हे मी कुणाचे सांगतो आहे, ते मुलांना ठाऊक नाही.

तबकडीकडे वळतो. डेव्ह ब्रुबेक हा माणूस १९२० साली कॅलिफोर्नियात जन्मला. बाप गुरे राखणारा, मोठ्या कुरणांचा कारभारी. पोरगा घोड्यावर बसून रानोमाळ हिंडे आणि टापांच्या ठेक्यावर मनातल्या मनात दुसराच ठेका धरी. पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या ठोक्यांवरही तोच खेळ. आई पियानो शिकवणारी, तरी याला स्वरलेखन वाचता येत नसे. नजर अधू होती म्हणून आधी ते चालून गेले, आणि पुढे कानच इतका तयार झाला की कुणाला पत्ता लागला नाही. कॉलेजात शेवटच्या वर्षी बिंग फुटले. तुम्ही कुणाला संगीत शिकवणार नाही असे वचन द्या, मग पदवी देतो, अशी अट त्याला घातली गेली. १९४२ साली त्याने वचन दिले आणि पदवी घेतली. मास्तरकीच्या धंद्यात असल्यामुळे ही अट मला मनापासून आवडली. आमच्या ओळखीच्या काही जणांना ती वेळीच घातली असती तर किती पोरांचे कल्याण झाले असते! पुढे ब्रुबेक दारियुस मियो या फ्रेंच संगीतकारापाशी शिकला आणि आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्याने दारियुस ठेवले.

१९५८ सालच्या आरंभी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या चौकडीला दौऱ्यावर पाठवले. रशियाशी चाललेल्या शीतयुद्धाचे ते दिवस. आपला देश कसा मोकळा आहे हे जगाला दाखवायचे, त्यासाठी जॅझसारखे दुसरे साधन नाही, असे सरकारातल्या शहाण्यांचे मत. यातला विनोद असा की, त्या दौऱ्यात बास वाजवणारा युजीन राइट हा काळा गृहस्थ होता, आणि त्याला घेऊन येणार असाल तर येऊ नका असे याच चौकडीला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॉलेजांनी १९६० साली कळवले. ब्रुबेकने माणूस बदलला नाही. दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गमावले. परदेशात ज्या मोकळेपणाची जाहिरात करायला पाठवले, तो घरी परतल्यावर पदरचे पैसे मोडून सिद्ध करावा लागला. (तबकडीवर राइट नाही. ध्वनिमुद्रणाला बेंजामिन होता.)

तर हे लोक पोलंडला गेले, तुर्कस्तानात गेले, अफगाणिस्तान, इराण, इराक पाहिले, आणि मधल्या काळात हिंदुस्थानात आले. मुंबईला जॅझ नवे नव्हते. ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्डसारखा अमेरिकन पियानिस्ट १९४५ च्या आधीच वाजवून गेला होता, आणि गोव्याची किती तरी मंडळी ट्रंपेट नि सॅक्सोफोनवर पोट भरीत होती. आपण मराठी माणसे जॅझ कळत नाही म्हणतो खरे. पण आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५१ साली 'अलबेला'त तो सिनेमाच्या पडद्यावरून घरोघर पोचवला होता, आणि त्यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट नावाने ओळखला जाणारा गोव्याचा ट्रंपेटवाला होता. मुंबईत ब्रुबेकची गाठ पडली ती सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी. ज्यांनी 'कोहिनूर' चित्रपट पाहिला आहे त्यांनी खाँसाहेबांची सतार ऐकलेली आहे, नाव ठाऊक नसले तरी. दोघे एकत्र वाजवायला बसले. मद्रासला तर मोरेल्लो मृदंगवादक पळणी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्यासमोर बसला. अमेरिकेतला अव्वल ड्रमवाला दक्षिणेतल्या मृदंगाशी बोलतो आहे, हे दृश्य पाहायला मिळाले असते तर मी माझी तिन्ही पुस्तके त्यावरून ओवाळून टाकली असती.

घरी परतल्यावर त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ही तबकडी केली. प्रवासवर्णन लिहिण्याऐवजी त्याने सहा गावांच्या सहा रचना बांधल्या. पहिली अफगाणिस्तानातल्या भटक्यांची: उंटांचे काफिले आणि त्यांचे ढोल त्याने तिकडे पाहिले-ऐकले होते. दुसरी बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग वेशीची. तेव्हा तिथे भिंत नव्हती (ती आली १९६१ साली), पण पोलंडला जाण्याच्या कागदपत्रांसाठी ती वेस ओलांडून पूर्वेकडे जाताना जीव मुठीत धरावा लागे. ही रचना बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या वळणाने जाते. सॅक्सोफोन एक वाक्य बोलतो, पियानो ते अर्ध्यातच उचलतो, आणि दोन शिष्ट शेजाऱ्यांसारखे ते एकमेकांचा मान राखीत पुढे सरकतात. लंडनच्या 'मार्बल आर्च'वर मला फारसे सांगण्यासारखे नाही. हलकीफुलकी आहे, ऐकून विसरता येते.

पण दोन रचना अशा आहेत की ज्यांनी मला चक्रावून सोडले. एकीचे नाव पोलिश भाषेतले आहे: 'जेंकुये', म्हणजे आभार. पोलंडमध्ये ब्रुबेक शोपँचे घर पाहायला गेला, तिथला पियानो पाहिला, आणि गाडीच्या प्रवासात त्याच्या मनात ही चाल बसली. दौऱ्यातल्या तिथल्या शेवटच्या जलशात, पोझ्नान शहरी, त्याने ती वाजवली. वाजवून झाल्यावर सभागृहात चिडीचूप. त्याला वाटले, संपलो. यांच्या देवाला मी हात लावला, यांना तो अपमान वाटला. आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो थांबेना. दुसरी रचना इस्तंबूलची, 'गोल्डन हॉर्न'. तुर्की भाषेत 'फार आभारी आहे' याला 'चोक तेशेक्क्युर एदेरिम' म्हणतात. त्याने काय केले, तर त्या शब्दांचे वजन कानांत धरले आणि त्यातूनच रचनेचा मुखडा काढला. परक्या गावात पाहुण्याला सर्वांत आधी शिकावा लागतो तो शब्द आभाराचा. या माणसाने तो नुसता शिकला नाही, वाजवला.

आपल्याकडे आभार मानायची पद्धत नाही. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन असते, ते श्रोते चपला शोधत असताना होते. घरात तर तो शब्द उच्चारला की समोरच्याला वाटते, आता हा भांडणार. बायकोला एकदा चहाचे 'थँक्यू' म्हणालो होतो; तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तबकडी पहिल्यांदा लावली तो रविवार होता. आप्पा पेपर वाचत होते. मी चुकून दुसरी बाजू वर ठेवली होती, त्यामुळे आभारापासूनच सुरुवात झाली. आप्पांनी पेपर खाली केला नाही. लंडनच्या कमानीला त्यांनी पान उलटले. मग शेवटची रचना लागली: 'कलकत्ता ब्लूज'. ही सुमारे दहा मिनिटांची आहे. मोरेल्लोने यात काठ्या बाजूला ठेवल्या आहेत. ड्रमची पाने तो हाताने, बोटांनी वाजवतो. खालचा स्वर एका जागी धरून राहतो, तंबोऱ्यासारखा, आणि पियानोवाला नेहमीचे स्वरांचे डोंगर न रचता एकेक स्वर घेऊन बढत करू पाहतो. पहिल्या अर्ध्या मिनिटातच पेपर खाली आला.

"हा तबला नव्हे," आप्पा म्हणाले.

"नाही. विलायती ड्रमच आहे. हातानं वाजवतोय."

"ऐकलेला आहे त्यानं पण." आणि थोड्या वेळाने, "बोटं सुटी आहेत. पेटीवाल्याचा हात मात्र जड."

पेटीवाला म्हणजे पियानोवाला. मला हसू आले, कारण ब्रुबेकवर त्याच्या देशातल्या टीकाकारांनीही आयुष्यभर हाच आरोप केला. तबकडी संपली. सुई कडेला खरखरत राहिली. आप्पांनी विचारले,

"हा कलकत्त्यात किती दिवस होता?"

"फार दिवस नसावा. सगळ्या देशांत मिळून तीन महिने."

"चार दिवसांत गाव कळतं होय?"

कादंबरीकाराला हा प्रश्न दुखरा असतो. मी त्याची वकिली करू लागलो. म्हटले, आप्पा, त्याने 'हे कलकत्ता आहे' असे कुठे म्हटले आहे? नावातच 'इम्प्रेशन्स' म्हटले आहे. मनावर जो ठसा उमटला तो. आणि हाताचे म्हणाल, तर १९५१ साली हवाई बेटात समुद्रात सूर मारताना त्याचे डोके वाळूवर आदळले, मानेला दुखापत झाली, आणि हातांच्या नसा कायमच्या दुखऱ्या झाल्या. भराभर एकेरी स्वर घेणे कठीण झाले, म्हणून तो दोन्ही हातांनी स्वरांचे गठ्ठे वाजवू लागला. लोकांना वाटले, ही त्याची शैली.

आप्पा गप्प राहिले. डाव्या हाताने त्यांनी उजवा उचलून मांडीवर नीट ठेवला.

"गणपतीत माझं तसंच झालं होतं," ते म्हणाले.

आता मला ती कादंबरी सांगितली पाहिजे. बारा वर्षांपूर्वी ती प्रसिद्ध झाली आणि माझ्या पुस्तकांत थोडीफार खपलेली ती तेवढीच. नायक तबलजी आहे. गणेशोत्सवात एका बड्या गवयाच्या साथीला बसला असताना तो भर मैफलीत थांबतो, तबल्यावरून हात उचलतो, श्रोत्यांना नमस्कार करतो आणि उठून जातो. हे खरोखर घडले होते. १९९६ साली, आमच्याच गावात. मी सोळा वर्षांचा होतो, सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि लाजेने मेल्यासारखा झालो होतो. ते का उठले हे त्यांनी सांगितले नाही, घरात कुणी विचारले नाही. त्यानंतर मोठ्या साथीला ते कधी बसले नाहीत. कीर्तने तेवढी केली. पुढे कादंबरी लिहिताना मला कारण हवे होते. मी नायकाच्या हातात बाटली दिली, कारण तिच्यावाचून ते प्रकरण उभे राहीना. वाचकांनी त्याच प्रकरणाची तारीफ केली. आप्पांनी आयुष्यात सुपारीखेरीज व्यसन केले नाही, हे गावाला ठाऊक आहे. पण कादंबरी गावाबाहेरही जाते. छापील प्रत मी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती तीन दिवसांत वाचून काढली, आणि म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे." बारा वर्षांत त्या पुस्तकावर आमचे एवढेच बोलणे झाले.

"करंगळीपासून कोपरापर्यंत बधिर," आप्पा सांगत होते. "द्रुत चालू होती. बोट पडतंय की नाही तेच कळेना. चुकीचं वाजवून त्यांचं गाणं नासवण्यापेक्षा उठलो. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी परत व्हायचं. कुणावर तरी बसायची पाळी आली की भीती वाटे."

"मला कधी बोलला नाहीत."

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल. घरातच होतास की."

हे ते मुळीच रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर मला उत्तर देता आले असते. मी आत्ता कलकत्त्याची वकिली करून उठलो होतो. तो बिचारा चार दिवस राहिला, त्याला ऊन दिसले, गर्दी दिसली, उपास दिसले, आणि घरी जाऊन त्याने एक दुःखाची चाल बांधली. ती बांधताना दुसऱ्याच्या वाद्यापुढे काठ्या खाली ठेवण्याइतकी अदब त्याच्या माणसाने दाखवली. मी त्या माणसाच्या घरात जेवत होतो, त्याच्याच कारकुनीवर रंगपेट्या विकत घेत होतो. मला एक प्रश्न विचारायला जमले नाही. न विचारल्यामुळे जी जागा रिकामी राहिली, ती मी दारूने भरली.

काय बोलावे ते सुचेना म्हणून मी तबकडी उलटली. सुई ठेवायची माझी सवय नसल्याने ती नेमकी शेवटच्या रचनेवर पडली. 'गोल्डन हॉर्न'. वाजत असताना मी आप्पांना तिची गोष्ट सांगितली: तुर्की आभार, त्या शब्दांचे वजन, त्यातून निघालेला मुखडा. आप्पांचा चेहरा एकदम सैलावला. तबलजीपुढे नवा शब्द टाकला की त्याला अर्थ नंतर दिसतो, आधी मात्रा दिसतात.

"काय म्हणालास? परत म्हण."

"चोक तेशेक्क्युर एदेरिम."

त्यांनी ते तोंडात घोळवले. "चोक्-ते-शेक्, क्युर्-ए, दे-रिम्. सात आहेत. रूपकात बसतंय." आणि खुर्चीच्या हातावर डाव्या हाताने वाजवून दाखवले, तीन, दोन, दोन. तबकडीत ते असे सातात वाजवलेले नाही, ही आप्पांची पदरची कलाकुसर; पण ब्रुबेक समोर असता तर खुर्चीवरून उठून आला असता असे मला वाटते. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, याच चौकडीने नऊ आणि पाच मात्रांची ती प्रसिद्ध तबकडी काढली, आणि तिच्यातली डेस्मंडची पाच मात्रांची चाल जगभर गेली. विषम मात्रा ऐकायला अमेरिकेला त्या प्रवासाला जावे लागले. आप्पांना सतरंजीवरून उठावेही लागत नव्हते.

"आणि आपलं?" त्यांनी विचारले.

"आपलं काय?"

"आपल्यात काय म्हणतात? त्याचं वजन काय?"

मी बोटे मोजली. "आभारी आहे. आ-भा-री-आ-हे. पाच."

"दोन आणि तीन. आभा, रीआहे. दोनदा म्हटलं की झपताल." त्यांनी मान हलवली. "डग्गा आण."

मी कपाटावरून डग्गा काढला, वरचे कापड झाडले, चुंबळीवर ठेवून त्यांच्या डाव्या हाताशी टेकवला. ग्रामोफोन बंद केला. "उजवा हात तू," आप्पा म्हणाले, "तोंडानं म्हणायचं, हातानं टाळी-खाली दाखवायची. मी एकटा डावा धरतो." एकट्या डग्ग्यावर झपताल म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहा मात्रांत डावा हात फक्त पाच वेळा पडतो: पहिलीवर, तिसरी-चौथीवर, मग आठवी-नववीवर. सहावी-सातवी तर साफ कोरडी. तिथे उजवाच एकटा बोलतो, ती ना, आणि उजवा नसला तर तिथे काहीच नसते. पहिल्या 'आभारी आहे'ला हुंकार मिळतो. दुसऱ्याचा आरंभ अगदी रिकाम्या जागेत करावा लागतो, मागून आधार येईल या भरवशावर.

"म्हण."

"आभा, रीआहे. आभा, रीआहे."

"मोठ्यांदा. मला डाव्या कानानं कमी येतं."

मी मोठ्यांदा म्हटले. स्वयंपाकघरातून बायको दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता परत आत गेली. आभारी आहे, आभारी आहे. दुसरे आवर्तन, तिसरे. आप्पांनी डोळे मिटले होते. उजवा हात मांडीवर पडून होता, डावा कातड्यावर सरकत होता, आणि गेल्या चार वर्षांत घुमत होता त्यापेक्षा डग्गा निराळाच घुमत होता. चौथ्या आवर्तनात माझा आवाज थोडा चिरकला. मी सहाव्या मात्रेवर आलो आणि हात मोकळा सोडायचा तिथे टाळी दिली.

"खाली," आप्पा म्हणाले. "परत."